शेवटच्या रकान्यातलं उत्तर

"माणूस मेलाय, मॅडम," हवालदार फोनवर म्हणाला. मग घसा खाकरून त्याने स्वतःचंच वाक्य दुरुस्त केलं. "मेलाय कसला, कुटलाय."

इन्स्पेक्टरबाईंनी ओठांपर्यंत नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. "कुठे?"

"तो बंद पडलेला बर्फाचा कारखाना आहे ना, तिथे. मशीनच्या खोलीत. आणि येताना मोठा रुमाल आणा. डोळ्यांना नुसत्या धारा लागल्यात. मेलेला माझा कोणी नव्हे, पण इथे सगळ्यात जास्त रडतोय तो मीच."

सकाळ होती, हवेत गारठा होता. कारखान्याच्या फाटकाला जाड साखळी होती आणि साखळीत पितळी कुलूप उघडं लोंबत होतं. बाईंनी सवयीने ते हातात घेतलं. पितळ जुनं, हाताळून गुळगुळीत झालेलं. पण एका बाजूने खालपर्यंत निळा ओघळ उतरला होता, मोरचुदासारखा ताजा निळा. त्यांनी कुलूप पुन्हा साखळीत सोडलं आणि त्या आत गेल्या.

अंगण ओलांडेपर्यंत वास नव्हता. मशीनच्या खोलीपाशी तो नाकात सुईसारखा घुसला. पोलिसात येण्याआधी बाई रसायनशास्त्र शिकल्या होत्या. हा वास ओळखायला त्यांना दुसरा श्वास घ्यावा लागला नाही. अमोनिया. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात यंत्रं त्याच्यावरच गारवा करतात. पण हा कारखाना बंद होऊन वर्षं लोटली होती. नळ्या कापून भंगारात गेल्या होत्या. मग वास कशाचा?

तो कॉम्प्रेसरच्या चाकाला टेकून पडला होता. तो म्हणजे, त्याचं जे उरलं होतं ते. कवटीची डावी बाजू आत गेली होती. जबडा निखळून गालाबाहेर आला होता. रक्त भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत उडून तिथेच वाळलं होतं. शेजारी भलाथोरला पाइप पाना, दांड्याला लाल टेप गुंडाळलेली, तोंडात केस अडकलेले. पहिल्याच घावात जीव गेला असणार. बाकीचे सगळे घाव रागाचे होते.

बाई उकिडव्या बसल्या. मेलेल्याचे तळहात वर होते. दोन्ही सुजून काळेनिळे पडले होते.

"मारामारीत लागलंय," हवालदार रुमालाआडून म्हणाला.

"मारामारीत मुठी फुटतात. तळहात नाही."

त्यांनी दाराची आतली बाजू पाहिली. जाड लोखंडी पत्रा. छातीच्या उंचीवर तांबूस ठसे, एकावर एक उमटलेले, इतके की कुठला पंजा कुठला ते कळू नये. दाराला कडी फक्त बाहेरून. कडीच्या वर, जुनं लॅच काढल्यावर राहिलेलं भोक. बाईंनी तपासाच्या पेटीतून लाल लिटमसची पट्टी काढली, ओली केली आणि भोकाच्या कडेला टेकवली. पट्टी बघता बघता निळी झाली.

"इथून ओतलंय. अमोनियाचं पाणी. साफसफाईवाल्यांकडे डबे मिळतात त्याचे."

"कुटायचं तर कुटायचं, वर हे कशाला?"

"तेच शोधायचंय," बाई म्हणाल्या.

कारखान्याचा राखणदार अंगणातल्या पाण्याच्या पिंपाशी उभा होता. उंच, खांद्यात वाकलेला, पन्नाशीच्या अलीकडचा, कमरेला किल्ली लटकलेली. त्याच्या गळ्यात टॉवेल होता आणि त्यातून पाणी निथळून सदऱ्याची छाती भिजली होती.

"एवढ्या गारठ्यात आंघोळ केलीस काय रे?" हवालदाराने विचारलं. "आम्ही इथे स्वेटर घालून कुडकुडतोय."

"घाम फुटला साहेब. असलं बघून कोणाला नाही फुटणार?"

"तुम्हीच पाहिलंत पहिल्यांदा?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम. सकाळी फेरी मारायला गेलो तर दार लोटलेलं. उघडून आत गेलो. म्हटलं, अंगात जीव आहे का बघावं. पालथा होता, उलटा केला. मान नुसती लोंबत होती. मग बाहेर येऊन फोन केला."

"आत किती वेळ होतात?"

"चांगला वेळ असेन. पायच हलेनात."

"रक्त वाळलंय, म्हणजे कालचं. काल दुपारी कुठे होतात?"

"फाटकावरच होतो. जेवल्यावर जरा डोळा लागला असेल. मागच्या भिंतीला भगदाड आहे, तिथून कोणीही येतं-जातं."

"या खोलीला कुलूप असतं?"

"कधीच नव्हतं. आत आहे काय चोरायला?"

"इथल्या यंत्रांतलं काही कळतं तुम्हाला?"

"मला काय कळणार? मी ट्रक चालवायचो. ही नोकरी मोबाइलवर मिळाली. हल्ली राखणीची कामंसुद्धा साइटवर येतात. बोट दाबायचं, बोलावणं आलं तर जायचं." तो किंचित हसला. हसताना त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. डोळे पांढरेस्वच्छ होते.

मेलेल्याच्या खिशात मोबाइल होता. काच फुटली होती, पण पडद्यावरचा शेवटचा निरोप वाचता येत होता: 'आपला अर्ज पसंत पडला. मुलाखत बर्फ कारखान्यात. हत्यारं स्वतःची आणावीत, काम करून दाखवावं लागेल.'

"नोकरीसाठी बोलावून मारलं?" हवालदाराचा आवाज उतरला. "माझा पोरगा रोज असे ढीगभर अर्ज टाकतो, मॅडम."

*

मेलेल्याला घरात बारक्या म्हणत. तो मोठ्या बहिणीकडे राहायचा. ताई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन आणि अर्धवट शिवलेले गणवेश पसरले होते. घर दोन खोल्यांचं. पुढच्या दाराला वीट लावलेली, मधल्या दारालाही वीट लावलेली.

बातमी ऐकून ताई ओरडली नाही. कात्री हातातून सुटली ती तिच्याच पावलावर पडली, तरी तिने पाय हलवला नाही.

"त्याच्यापाशी एक पाइप पाना सापडला," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "दांड्याला लाल टेप आहे."

"तो यांचा," ताई लगेच म्हणाली. "टेप मीच आणून दिली होती, मशीनच्या..." आणि आपण काय बोललो ते तिला कळलं.

तिचा नवरा आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. तोही बारक्यासारखाच अमोनियाच्या यंत्रांवरचा मेकॅनिक. दोघे एकाच शीतगृहात होते. तिथे गॅसगळती झाली, एक बाई गेली, शीतगृहाला टाळं लागलं आणि दोघेही घरी बसले. तेव्हापासून दोघे एकाच कॉम्प्युटरवरून नोकऱ्या शोधत होते, आणि या जागेसाठीही दोघांनी अर्ज केला होता, असं ताईकडून कळलं.

शेजारीण बोलावल्याशिवायच आली. "आदल्या संध्याकाळी केवढं भांडण! हिच्या मालकांनी बारक्याची कॉलर धरली होती. अशी गदागदा. आम्हाला वाटलं, आता खातो त्याला."

"भांडण कशावरून?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

तो मधल्या दाराच्या विटेकडे बघत राहिला.

"पाना त्याच्याकडे कसा गेला?"

"मागितला होता. मी नाही म्हटलं. सकाळी न विचारता घेऊन गेला."

"का नाही म्हटलंत?"

त्याने गुडघे छातीशी ओढून घेतले.

"दोघांनी एकाच जागेसाठी अर्ज केला होता. बोलावणं त्याला आलं, तुम्हाला नाही. त्यावरून?"

त्याने बाईंच्या मागे, उघड्या दाराकडे पाहिलं. "तसंच समजा," तो म्हणाला.

हवालदाराने त्याला उठवलं. ताई वाटेत उभी राहिली.

"भाऊ गेला. नवरा तुम्ही नेताय. मला काय ठेवताय, हे मशीन?" तिने नवऱ्याच्या दंडाला धरलं. "अहो, बोला ना! शिंकलं तरी आवाज भिंतीपलीकडे जातो तुमचा, आणि आजच दातखीळ बसली?"

त्याने तिचा हात हळूच सोडवला. ठाण्यावर कोठडीचं दार ओढलं तेव्हा मात्र अंगावर उकळतं पाणी पडावं तसा तो दचकला.

*

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा ताईकडे गेल्या. ताईने बसा म्हटलं नाही. त्या आपणहून शिलाईच्या स्टुलावर बसल्या.

"तुमचे मालक निर्दोष असतील तर मला ते सिद्ध करावं लागेल. ते स्वतः तोंड उघडत नाहीत. तुम्ही मदत करा."

"निर्दोष असतील तर," ताई तोंड वाकडं करून म्हणाली. "ते मुंगीवर पाय पडला तर मागे वळून बघणारे. वर्ष झालं, घराचं दारसुद्धा लावू देत नाहीत मला. मांजरं येतात, कुत्री येतात, शेजारीण तर काय, येतेच. म्हटलं निदान रात्री तरी लावू, तर घुसमटल्यासारखं करतात. असला माणूस खून करेल?"

बाईंनी विटेकडे पाहिलं. "ती जाहिरात दाखवता?"

ताईने जुना कॉम्प्युटर सुरू केला. नोकऱ्यांच्या साइटवर ती जाहिरात अजून होती. 'अमोनिया प्लांट ऑपरेटर हवा. मोठ्या शीतगृहातला अनुभव आवश्यक. गळतीचा प्रसंग हाताळलेल्यांना प्राधान्य.' खाली अर्जदारासाठी नेहमीचे रकाने होते, शिक्षण, अनुभव, शेवटचं ठिकाण. आणि सर्वांत खाली एक प्रश्न: 'गळतीच्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत? सविस्तर लिहा.'

"दोघांचे अर्ज मीच भरले," ताई म्हणाली. "यांची बोटं जाड, एक अक्षर दाबायला जातात, तीन उमटतात."

बाईंनी दोन्ही अर्ज वाचले. नवऱ्याचा अनुभव बारक्यापेक्षा कितीतरी जास्त होता. प्रमाणपत्रंही जास्त. फरक फक्त शेवटच्या रकान्यात होता. नवऱ्याच्या अर्जात तिथे एकच वाक्य होतं: 'माझ्याकडून काही झालं नाही.' आणि बारक्याच्या अर्जात: 'जिवाची पर्वा न करता मी एकट्याने पुढे जाऊन गळतीच्या खोलीचं दार बंद केलं, त्यामुळे गॅस बाहेर पसरला नाही आणि मोठी हानी टळली.'

"हे बारक्याने सांगितलं?"

ताईने दोरा तोडल्यासारखा ओठ चावला. "तो म्हणाला, ताई, काहीतरी दणदणीत लिही. नुसतं हजर होतो म्हणून कोण बोलावतं? सगळेच फुगवून लिहितात. बिनकामाचे बसून अंगाला गंज चढला होता दोघांच्या."

"दार खरंच त्याने बंद केलं होतं?"

"तो त्या दिवशी कामावर नव्हताच. तापाने इथे झोपला होता, त्या तिथे. मीच पेज पाजली."

"मग ही दाराची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

ताईचे डोळे आतल्या खोलीकडे गेले आणि परत आले.

बाहेर पडल्यावर बाईंनी हवालदाराला फोन केला. "त्या बर्फ कारखान्याच्या फाटकाचं कुलूप जप्त करा. पुसू नका, धुऊ नका, पिशवीत घाला."

"कुलूप? बरं. आणि जाहिरात देणाऱ्याचं काय?"

"नाव द्यायला साइटवाले वेळ लावणार, आलेले अर्ज तेवढे आज पाठवतायत. तोवर आपलं डोकं चालवू."

*

शीतगृहाचा जुना मॅनेजर आता दुसऱ्या कंपनीत होता. मोठं टेबल, मागे झाड. बाईंना बघून त्याने आधी दार लावून घेतलं.

"त्या प्रकरणात आमची काही चूक नव्हती. गळती झाली की ती खोली बाहेरून बंद करायची, हा नियमच आहे. गॅस पसरला असता तर आणखी माणसं गेली असती."

"आत एक बाई राहिली होती."

"पॅकिंगवाली. तिथे कशाला थांबली होती देव जाणे. माणसं मोजताना ती सुटली, खोली रिकामी वाटली."

"शीतगृहाच्या दाराला आतून उघडायची कळ असते."

मॅनेजरने टेबलावरचं पेन सरळ केलं. "नादुरुस्त होती. सांगितलं होतं दुरुस्तीला."

"ती कशी सापडली?"

"हे आवश्यक आहे का?" बाईंनी वही उघडली, तेव्हा त्याला बोलावं लागलं. "दाराला चिकटून. तोंडावर रुमाल ओला करून बांधलेला. अमोनिया पाण्यात विरघळतो ना, म्हणून आम्ही सगळ्यांना तेच शिकवतो, वास आला की आधी कापड भिजवा. तिने तसं केलं होतं. हात मात्र... ठोकून ठोकून तळहात काळे पडले होते."

बाईंना बारक्याचे तळहात आठवले.

"तिच्या घरचं कोणी?"

"नवरा होता. रोज येऊन फाटकावर उभा राहायचा. एकच प्रश्न, दार कोणी बंद केलं? नाव सांगा. आम्ही नाही सांगितलं. कामगारांची नावं अशी देता येत नाहीत. शेवटी सिक्युरिटीने हाकलला."

"दिसायला कसा होता?"

मॅनेजरने आठवून पाहिलं. "खरं सांगू? चेहरा लक्षात नाही. अशांकडे आपण कुठे निरखून बघतो."

"काय काम करायचा?"

"ते नाही विचारलं. पण येताना ट्रक घेऊन यायचा, फाटक अडवून ठेवायचा, म्हणून तर हाकलावं लागलं."

*

त्याच दुपारी बाईंनी सगळ्यांना बर्फ कारखान्यात बोलावलं. मॅनेजर कोटाच्या बाहीने नाक धरून उभा होता. ताई भिंतीपासून दूर, रक्ताच्या डागांकडे पाठ करून. तिचा नवरा बेड्यांत. राखणदार दाराशी. हवालदाराने बाईंच्या खुणेसरशी त्याच्यामागे जागा घेतली.

"माझी एक चूक आधी सांगते," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, ही जाहिरात ऑपरेटर शोधायला दिलीय, किंवा ऑपरेटर मारायला. तसं नव्हतं. जाहिरात एका प्रश्नासाठी होती. शेवटच्या रकान्यातल्या. ज्याला ते उत्तर हवं होतं, त्याला कोणीही ते देत नव्हतं. फाटकावर उभं राहून मिळत नव्हतं. मग त्याने नोकरीची लालूच दाखवली, आणि लोकांनी आपणहून लिहून पाठवलं."

"कोणी?" ताईने विचारलं.

"बारक्याच्या हातांकडे बघ, असं मी स्वतःला सांगत होते. तळहात काळेनिळे. दाराच्या आतून ठसे. म्हणजे त्याला इथे कोंडलं होतं आणि तो दार ठोकत होता. भोकातून अमोनिया ओतला जात होता. भांडणात खून करणारा एवढा घाट घालत नाही. कोणीतरी एक मरण जसंच्या तसं पुन्हा घडवत होतं. तुमच्या मालकांना संताप आला असता तर त्यांनी घरातच पाना उचलला असता."

त्या राखणदाराकडे वळल्या.

"तुम्ही म्हणालात, या खोलीला कधी कुलूप नव्हतं. कुलपाशिवाय धडधाकट मेकॅनिक कोंडून राहत नाही, कडी हलवून हलवून निखळवतो. कुलूप होतं. फाटकाचं. काम झाल्यावर ते परत साखळीत गेलं." त्यांनी पिशवी वर धरली. "पितळेत तांबं असतं. अमोनियाचं पाणी तांब्याला धरतं आणि निळं होतं. फाटक इथून अंगणापलीकडे. तिथल्या कुलपावर हा निळा ओघळ कुठून आला? भोक कडीच्या वर आहे. ओतताना खाली सांडलं."

"पोरं येतात मागून," राखणदार म्हणाला. "कुलूप कोणीही काढू शकतं."

"किल्ली तुमच्या कमरेला असते. बरं, ते राहू द्या. त्या सकाळी दार उघडं ठेवूनही आमच्या हवालदारांच्या डोळ्यांना धारा लागल्या. तुम्ही तर बंद खोलीत गेलात, चांगला वेळ थांबलात, प्रेत उलटं केलंत. तुमचे डोळे मात्र पांढरेस्वच्छ. वास कसला आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं. म्हणून आत जाण्याआधी पिंपात टॉवेल बुडवून डोळ्यांनाकावर धरलात. घाम नव्हता तो. नवखा माणूस अशा वासात कोरडा रुमाल नाकाला लावतो, आम्ही सगळ्यांनी लावला. कापड ओलं करायचं हे शीतगृहातल्या माणसाला ठाऊक असतं. नाहीतर त्याच्या घरच्यांना."

राखणदाराचा हात गळ्यातल्या टॉवेलकडे गेला.

"तुमची बायको तिथे पॅकिंगला होती," बाई म्हणाल्या.

राखणदाराने टॉवेल गळ्यातून काढला आणि दोन्ही हातांत पिळला, जणू अजून त्यात पाणी होतं.

"रोज सांगायची," तो म्हणाला. "घरात फिनेलचा वास आला तरी पदर ओला करायची आणि हसायची. सवय झाली म्हणायची. सगळं बरोबर केलं तिने. रुमाल बांधला. दाराशी आली. दार तेवढं उघडलं नाही." त्याने मॅनेजरकडे पाहिलं. "मी तुम्हाला नुसतं नाव विचारत होतो, साहेब. नुसतं नाव. तुम्ही गाडीच्या काचा वर केल्यात."

मॅनेजर मागे सरला.

"मग हा," राखणदाराने कॉम्प्रेसरच्या चाकाकडे बोट केलं. "हा स्वतःहून लिहितो. छाती ठोकून. जिवाची पर्वा न करता! मी एकट्याने दार बंद केलं! बढाई मारत होता माझ्या बायकोच्या मढ्यावर उभा राहून. म्हटलं, ये. हत्यारं घेऊन ये. आत घेतला आणि कडी घातली. ओतत गेलो. ऐकत बसलो. ती किती वेळ ठोकत असेल ते मला कळायला हवं होतं. मग कुलूप काढून आत गेलो. तो जमिनीला तोंड लावून पडला होता, उलट्या करत. पाना त्याच्याच पिशवीत होता."

"तो काही बोलला?" ताईने विचारलं.

"बोलला की. मरताना सगळेच बोलतात. म्हणाला, मी नव्हतो. खोटं आहे ते. ताईने लिहिलंय." तो थुंकला. "बहिणीवर ढकलत होता. तेव्हा तर माझा हात थांबेचना."

ताई खाली बसली. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच.

"तो खरं बोलत होता," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "त्या दिवशी बारक्या तापाने घरी झोपला होता. शीतगृहात त्याने पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. नोकरी मिळावी म्हणून फुगवून लिहिलेलं वाक्य होतं ते. तुमच्या जाहिरातीला अजून अर्ज येतायत. आज सकाळी मी साइटवाल्यांकडून ते मागवले. जवळपास प्रत्येकाने असंच काहीतरी शौर्य लिहिलंय."

राखणदार त्यांच्याकडे बघत राहिला. पिळलेला टॉवेल हातातून सुटला. त्याने भिंतीवरच्या वाळलेल्या रक्ताकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"मग कोणी?" त्याने विचारलं. आवाज अगदी साधा होता, रस्ता विचारावा तसा. "मॅडम, मग कोणी?"

बाईंना उत्तर माहीत होतं. विटा लावलेल्या दारांच्या घरात त्यांना ते मिळालं होतं. पण ते सांगणं त्यांचं काम नव्हतं.

"मी," ताईचा नवरा म्हणाला.

हवालदाराने झडप घातली, पण उशीर झाला होता. राखणदाराने बेड्यांतल्या माणसाला चाकावर आदळलं. दोन्ही मुठी जोडून त्याच्या तोंडावर मारल्या, पुन्हा मारल्या; दात तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. नवऱ्याने हात वर केले नाहीत. बेड्या होत्या म्हणून नव्हे. चेहरा झाकण्याइतकी मोकळीक त्यांत होती. त्याने तो झाकला नाही. हवालदार आणि बाहेरून धावत आलेले दोन शिपाई राखणदाराच्या पाठीवर लोंबकळले तेव्हा कुठे तो जमिनीवर आला, आणि तिथे पडल्या पडल्या तळहातांनी फरशी ठोकू लागला.

"नियम होता," नवरा रक्ताच्या चिळकांड्यांमधून बोलत होता. "खोली रिकामी आहे म्हणाले. मी दार ओढलं. कॉम्प्रेसर चालू होते. काही ऐकू येत नव्हतं. ते बंद केल्यावर ऐकू आलं. तेव्हा आत गॅस भरलेला. मॅनेजर म्हणाले, उघडलंस तर सगळे मरू. मी उभा राहिलो. ऐकत उभा राहिलो." त्याने ताईकडे पाहिलं. "तुला सांगितलं होतं ते असं नव्हतं सांगितलं. नुसतं दार बंद केलं एवढंच सांगितलं होतं. तू ते त्याच्या अर्जात घातलंस, ते मी वाचलं, आणि त्याची कॉलर धरली. म्हटलं काढ ते. ते मिरवायचं नाही. तो हसला. भाऊजी, नोकरी लागली की पेढे देतो म्हणाला."

"आणि कोठडीत गप्प का बसलात?" बाईंनी विचारलं.

"फाशी झाली असती तर बरं, असं वाटलं."

बाईंनी हवालदाराला बेड्या काढायला सांगितल्या. मॅनेजर हळूच दाराकडे सरकत होता. त्यालाही गाडीत बसवायला सांगितलं. "दाराची आतली कळ किती दिवस तुटलेली होती, आणि उघडू नका असं कोणी सांगितलं, ते आता सविस्तर बोलू," त्या म्हणाल्या. त्याने काही तरी म्हणायला तोंड उघडलं, पण राखणदाराला समोरून नेत होते आणि मॅनेजरने या वेळी त्याच्याकडे नीट पाहिलं.

एकेक करून सगळे बाहेर पडले. ताई आधी गेली. अंगण ओलांडून ती फाटकापाशी जाऊन थांबली. नवऱ्यासाठी थांबली होती की पुढे कुठे जायचं ते सुचेना म्हणून, हे तिच्या पाठीवरून कळत नव्हतं.

"दार लोटून घे रे," हवालदार जाता जाता म्हणाला. "वास येतोय अजून."

ताईच्या नवऱ्याने कडीला हात लावला आणि काढून घेतला. मग तो खाली वाकला. अंगणाच्या कडेला पडलेली एक वीट उचलून त्याने उघड्या दाराखाली सरकवली, पायाने घट्ट बसवली, आणि दार हलत नाही ना हे दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हलत नव्हतं. तरी त्याने पुन्हा एकदा ओढून पाहिलं.